एम्प्रेस मिल, नागपूर

नागपुरातील जुनी कापडगिरणी. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली आणि तिची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केले गेले. त्यावरून ‘एम्प्रेस’ हे नाव पडले.

त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींनी स्वतः चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली होती आणि ती विकूनही टाकली होती. नागपूर निवडण्यामागे त्यांचा हिशेब सरळ होता : कापूस वऱ्हाडात पिकतो, दगडी कोळसा वरोऱ्याला निघतो आणि १८६७ पासून रेल्वे नागपूरपर्यंत आलेली आहे. मग कापूस मुंबईला नेऊन कापड परत कशाला आणायचे? मिळालेली जागा मात्र जुम्मा तलावाजवळची, दलदलीची होती. ती भरून काढण्यात बराच पैसा गेला. जमिनीत सोने पुरणाऱ्या माणसाला पैसे देणार नाही, असे म्हणून एका मारवाडी सावकाराने भांडवल द्यायचे नाकारले होते. या माणसाने माती टाकून सोने काढले, अशी कबुली पुढे त्यानेच दिल्याचे सांगतात.

गिरणीत प्रारंभी सुमारे ३०,००० चात्या (सूत कातणारे फिरते दांडे) व ४५० माग होते. पहिली यंत्रे स्वस्तातली होती आणि ती लवकरच बदलावी लागली. व्यवस्थापक बेझनजी मेहता यांना गिरणीचा पूर्वानुभव नव्हता, ते रेल्वेच्या नोकरीतून आले होते. तांत्रिक बाजू इंग्लंडमधील कापडगिरण्यांचा प्रदेश असलेल्या लँकेशायरचे जेम्स ब्रुक्सबी सांभाळत. ही जोडी जमली. रिंग चातीवर, म्हणजे कड्याच्या साहाय्याने सलग सूत कातणाऱ्या नव्या प्रकारच्या चातीवर, लँकेशायरचाही पुरता विश्वास बसलेला नव्हता, तेव्हा १८८३ मध्ये इथे तिचा प्रयोग झाला. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत सारखे तुटते, म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवण्यात आली. आग विझवणारे फवारेही आले. ही सोय इतर गिरण्यांत अपवादानेच दिसे.

कामगारांसाठी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू झाली. दोन्ही गोष्टी कायद्याने बंधनकारक होण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. यात निव्वळ उदारपणा पाहू नये. शेतीच्या हंगामात गावाकडे निघून जाणारा मजूर टिकवून धरणे ही गिरणीचीही गरज होती. हातमाग मोडल्यामुळे आलेले कोष्टी आणि शहराच्या वस्त्यांतले महार कामगार मोठ्या संख्येने होते. कित्येक घरांत दोन-तीन पिढ्या मिलमध्येच गेल्या आणि मोहल्ल्यांचे घड्याळ भोंग्यावर चाले.

गिरणी वाढत जाऊन तिचे पाच विभाग झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्रे जुनाट झाली आणि यंत्रमागाशी स्पर्धा परवडेना. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, तरी तोटा थांबला नाही. २००२ मध्ये ती बंद पडली. मुंबईच्या गिरण्यांप्रमाणे इथेही यंत्रांपेक्षा जमिनीला भाव आला. बांधकामाचा बराचसा भाग पाडून त्या जागेवर ‘एम्प्रेस सिटी’ नावाचा मॉल आणि निवासी संकुल उभे राहिले.