मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम : अभ्यासकेंद्रापासून ‘स्वयम’पर्यंत

नोकरी सांभाळून शिकणे नाशिकला इंटरनेटच्या आधीपासून परिचयाचे आहे. १९८९ मध्ये येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. मुक्त विद्यापीठाची वाट ब्रिटनने १९६९ मध्येच घालून दिली होती. शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठी पूर्वतयारी, स्वतः वाचून समजेल असे मराठी पुस्तक आणि शंका विचारायला अभ्यासकेंद्रावरचा संमंत्रक अशी नाशिकची घडी होती. यातला संमंत्रक फार महत्त्वाचा. पुढे जगभर जे मोफत अभ्यासक्रम निघाले, त्यांत नेमका तोच नव्हता.

अमेरिकेच्या एमआयटी या विद्यापीठाने २००१ मध्ये आपले अध्यापन साहित्य सर्वांना खुले करण्याचे जाहीर केले. २००३ मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने ‘एनपीटेल’ हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. तेव्हा दोन्हीकडे व्याख्याने होती, परीक्षा नव्हती. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका वर्गात पंचवीसेक जण शुल्क भरून बसले आणि सुमारे २,२०० जण फुकट सामील झाले. ‘मूक’ (MOOC, म्हणजे कितीही जणांना खुला असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम) हे नाव याच वर्गावरून पडले. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गात १,६०,००० नावे आली. शेवटपर्यंत पोचले ते वीस हजारांच्या आसपास. तरीही पुढच्याच वर्षी असे अभ्यासक्रम देणारे कोर्सेरा, युडॅसिटी आणि एडएक्स हे मंच उभे राहिले.

गळतीचा प्रश्न मात्र सुटला नाही. एमआयटी व हार्वर्डच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की नाव नोंदवलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक जण वर्गात एकदाही शिरले नाहीत. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे ३.१३ टक्के होते. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांपैकी मात्र जवळपास निम्म्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. पैसे भरणारा मुळातच निश्चय करून येतो, हेही यात धरले पाहिजे.

भारताने २०१७ मध्ये ‘स्वयम’ हा सरकारी ऑनलाइन मंच आणताना अभ्यासक्रमांना परीक्षा आणि श्रेयांक (क्रेडिट) जोडले, हे आम्हाला योग्य वाटते. शिकणे मोफत, परीक्षेला शुल्क. पण विद्यार्थी अडकतात ते इथेच. अभ्यासक्रमाला नाव घातले म्हणजे परीक्षेची नोंदणी झाली असे होत नाही. तो अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी. ‘स्वयम’वरील एनपीटेलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ स्वाध्याय धरून २५ गुण मिळतात आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५. स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. स्वाध्यायात ९ वर थांबलेल्याला परीक्षेत ७० पडले तरी प्रमाणपत्र नाही. श्रेयांक निकालात हवे असतील, तर महाविद्यालयाची मान्यता आधीच घ्यावी.

भाषेची अडचण याहून मोठी. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असतात. आयआयटी मुंबईच्या, सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ची कल्पना त्यासाठी मोलाची आहे: पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीत, समजावणारा आवाज मराठीत, प्रत्येक पाठ दहा मिनिटांच्या आसपास. व्हिडिओ आणि सॉफ्टवेअर शेजारीशेजारी उघडायचे, एक पायरी पाहून थांबायचे, ती स्वतः करायची, मग पुढे जायचे. त्यासाठी संगणक लागतो. मोबाइलवर पाठ दिसतो, सराव होत नाही.