मोल्टन, मुंबईचे पारशी आणि मगींचा घोळ

बायबलच्या अभ्यासकांना जेम्स होप मोल्टन आठवतात ते नव्या कराराच्या ग्रीक व्याकरणासाठी. 1863 चा जन्म, वडीलही मेथडिस्ट पाळक आणि बायबलचे पंडित, 1886 ला दीक्षा, मग बरीच वर्षं शाळामास्तरकी आणि 1902 पासून मँचेस्टर. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पावत्या, भाडेकरार, घरगुती पत्रं चाळून त्यांनी या व्याकरणाच्या 1906 च्या पहिल्या खंडात मांडलं की नव्या कराराची ग्रीक काही वेगळी पवित्र भाषा नाही, बाजारात चालायची तीच आहे.

आपल्याकडे त्यांचा संबंध येतो तो पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथामुळे. 1913 मध्ये जरथुष्ट्री धर्मावर त्यांचं जाडजूड पुस्तक आलं, 1915 मध्ये पत्नी वारली आणि त्याच वर्षी एका ख्रिस्ती युवक संघटनेच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. मुंबईत पारशी श्रोत्यांपुढे दिलेल्या 8 व्याख्यानांचं पुस्तकही निघालं.

आता वेळ बघा. 1839 ला एका स्कॉटिश मिशनऱ्याने पारशी मुलांना बाप्तिस्मा दिला त्यावरून शहर पेटलं होतं, ती आठवण पुसलेली नव्हती. 1860 च्या दशकात पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या एका जर्मन पंडिताने सांगितलं होतं की धर्मसंस्थापक जरथुष्ट्राचे स्वतःचे शब्द फक्त गाथांमध्ये, म्हणजे अवेस्तातल्या सर्वांत जुन्या स्तोत्रांमध्ये आहेत, आणि सुधारकांनी ते उचलून धरलं होतं. त्यात 1908 ला परजातीतल्यांना धर्मात घ्यायचं की नाही हे भांडण हायकोर्टापर्यंत जाऊन आलेलं.

अशा ठिकाणी मोल्टन मगींचा, म्हणजे प्राचीन इराणातल्या पुरोहितांचा, सिद्धांत घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं की मगी हे मुळात आर्य नव्हतेच, इराणातली आधीचीच कुठलीतरी जमात, पुरोहितपण त्यांच्या हातात गेलं आणि त्यांनी जादूटोणा, कडक द्वैत (चांगली आणि वाईट अशा दोन शक्तींचा झगडा) आणि प्रेत उघड्यावर ठेवायची चाल धर्मात घुसवली. आधार मुख्यतः प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसचा, तो लिहितो की मगी प्रेत कुत्र्यापक्ष्यांना देतात ते उघडपणे, पर्शियन लोक मात्र मेण फासून पुरतात. म्हणजे हिशेब लावला तर मुंबईतल्या डुंगरवाडीचे दोखमे, म्हणजे पारशी प्रेतं ठेवतात ते मनोरे, जरथुष्ट्राचे नाहीतच! हे मलबार हिलच्या पायथ्याशी येऊन सांगायचं म्हणजे धाडसच म्हणायचं, आणि सांगणारा कोण तर पाळक, ज्याच्या मते जरथुष्ट्राचं अपुरं राहिलेलं काम ख्रिस्ताने पूर्ण केलं.

माणूस प्रामाणिक होता, गाथांवर त्यांचं खरंच प्रेम होतं. पण मला हा साचा ओळखीचा वाटतो: मूळ ग्रंथ शुद्ध, भटांनी नंतर बिघडवला. प्रोटेस्टंट माणूस रोमच्या कॅथलिक चर्चकडे ज्या नजरेने बघतो तीच नजर इथे मगींवर पडलेली दिसते. हेरोडोटसने मगींना मीड या प्राचीन इराणी लोकांच्या 6 जमातींपैकी एक म्हटलंय, त्यातून ते अनार्य कसे ठरतात हे काही मला पटत नाही.

एप्रिल 1917 मध्ये परतताना भूमध्य समुद्रात जहाजावर टॉर्पेडो पडला, लाइफबोटीत थंडी खात काही दिवस काढले आणि तिथेच ते गेले. व्याकरणाचे बाकीचे खंड दुसऱ्यांनी पुरे केले, शेवटचा 1976 ला. मगी अनार्य होते हे आता अभ्यासक धरत नाहीत. 1963-64 मध्ये एक इंग्रज विदुषी इराणातल्या यज्दजवळच्या एका जरथुष्ट्री खेड्यात राहून आली आणि नंतर तिने अगदी उलट बाजू मांडली, की गाथा आणि कर्मकांड अशी फोड करूच नये, परंपरा सलग आहे. हल्लीच्या वादात तिचंच नाव जास्त निघतं.