डेलाइट फॅक्टर आणि डेलाइट कोइफिशंट: एका बेदाणा शेडचा हिशेब

बेदाण्याचं सॉर्टिंग नजरेवर चालतं. हिरवा माल वेगळा, पिवळा वेगळा, काळपट बाजूला. त्यासाठी टेबलावर भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. समजा, सांगली-तासगाव रस्त्यावर अशी एक शेड बांधायची आहे: उत्तरेला सलग खिडक्या, छपरात मधे मधे फायबरचे पत्रे. मालक विचारतो, "दिवसा दिवे लावावे लागतील का?" रेडिअन्ससारखं किरण-अनुरेखनाचं, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा मार्ग गणिताने काढणारं, सॉफ्टवेअर चालवून त्याला उत्तर देता येतं. पण रिपोर्टमध्ये जो आकडा छापला जातो तो डेलाइट फॅक्टर आहे की डेलाइट कोइफिशंटवरून काढलेला, हे शंभरातल्या नव्वद वाचणाऱ्यांना कळत नाही. आणि लिहिणाऱ्यांपैकीही बऱ्याच जणांना.

फॅक्टर जुना आणि सोपा. बाहेर मोकळ्या मैदानात जितका उजेड, त्याच्या किती टक्के टेबलावर पोचतो, एवढंच तो सांगतो. मात्र यात आकाश ठरावीक धरलेलं असतं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत ते पूर्ण ढगाळ असतं: माथ्यावर क्षितिजाच्या तिप्पट तेज, चारही दिशांना सारखं, सूर्य नाहीच. त्यामुळे शेडचं तोंड उत्तरेला असो की पश्चिमेला, आसपास दुसरी इमारत नसेल तर आकडा तोच येतो. आपल्याकडचं आयएस 2440 हे भारतीय मानक आणखी वेगळं: तिथे 15 अंशांवर सूर्य असलेलं निरभ्र आकाश धरतात, थेट ऊन वगळतात आणि बाहेरचा उजेड 8000 लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मानतात. म्हणजे 1 टक्का फॅक्टर म्हणजे 80 लक्स, आणि 200 लक्स हवे असतील तर 2.5 टक्के. एका पद्धतीचे टक्के दुसऱ्या पद्धतीच्या लक्सने गुणलेले रिपोर्ट सर्रास फिरतात. टक्क्यापुढे आकाश कुठलं ते लिहिलेलं नसेल, तर तो टक्का मी वाचतच नाही.

कोइफिशंटची कल्पना ट्रेगेन्झा आणि वॉटर्स या संशोधकांनी 1983 मध्ये मांडली. आकाशाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारायचा: तुझं तेज एक एकक असेल, तर या टेबलावर तुझ्यामुळे किती उजेड पडेल? यात वेळ नाही, तारीख नाही, हवामान नाही. आहे ती फक्त शेडची भूमिती, काच, रंग आणि पत्रे. ट्रेगेन्झाच्या वाटणीत क्षितिजालगतच्या पहिल्या दोन कड्यांत 30-30 तुकडे, मग 24, 24, 18, 12, 6 आणि माथ्यावर 1, असे 145. रेडिअन्समधला आरकॉन्ट्रिब हा प्रोग्राम टेबलावरच्या बिंदूपासून उलटे किरण सोडतो आणि प्रत्येक किरण शेवटी कुठल्या तुकड्यावर पोचला याची नोंद ठेवतो.

त्याचं आउटपुट एकदा उघडून पाहावं. एका बिंदूची एक ओळ, त्यात 146 नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. पहिली नोंद आकाशाची नसतेच, ती जमिनीची. खिडकीजवळच्या टेबलाच्या ओळीत उत्तरेकडच्या खालच्या कड्यांचे मोजके आकडे ठसठशीत, बाकीचे अगदी किरकोळ. शेडच्या मधल्या, फायबर पत्र्याखालच्या टेबलाची ओळ अगदी निराळी: पत्रा उजेड पसरवतो, म्हणून जवळपास सगळेच तुकडे थोडं थोडं देतात. दोन्ही टेबलांचा फॅक्टर कदाचित सारखाच येईल. त्यामागचं आकाश वेगळं आहे, हे या ओळी वाचल्याशिवाय दिसत नाही.

पुढचं काम नुसत्या गुणाकाराचं. रेडिअन्समधलाच जेनडेमॅट्रिक्स हा प्रोग्राम हवामानाच्या फाइलवरून, उदाहरणार्थ पुण्याच्या, वर्षाच्या 8760 तासांसाठी प्रत्येक तुकड्याचं तेज काढून देतो. डीसीटाइमस्टेप हा दुसरा प्रोग्राम हा तक्ता आणि कोइफिशंटचा तक्ता गुणतो, आणि तीन आकड्यांना 47.4, 119.9 आणि 11.6 ने गुणून बेरीज केली की लक्स. वर्षातल्या किती तासांना 300 लक्स मिळतात, या प्रश्नाचं उत्तर इथूनच येतं. फॅक्टरमधून ते निघत नाही.

उलट कोइफिशंटमधून फॅक्टर सहज काढता येतो: त्या ओळीला ढगाळ आकाशाच्या तेजाने गुणा, बाहेरच्या उजेडाने भागा. साखर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावरून कुणाच्या गटाचा उतारा किती ते सांगता येत नाही, तसंच फॅक्टरवरून माघारी कोइफिशंटकडे येणं.

सांगलीत हा फरक नुसता कागदावर राहत नाही. "उत्तरेची खिडकी, ऊन येणार नाही" हे वाक्य पुस्तकातून आलेलं आहे, आणि ती पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. सांगली सुमारे 16.85 अंश उत्तर अक्षांशावर. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथला सूर्य दिवसभर उत्तरेच्याच बाजूला असतो. 21 जूनच्या सुमारास तो पूर्वेपासून साधारण 25 अंश उत्तरेला उगवतो आणि तितकाच पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मे महिन्यातली सकाळची आणि संध्याकाळची तिरपी उन्हं थेट सॉर्टिंगच्या टेबलावर. छज्जा त्यांना अडवत नाही, उभ्या पट्ट्या अडवतात. फॅक्टरच्या हिशेबात थेट ऊनच नसल्यामुळे छज्जा आणि पट्ट्या दोन्ही फक्त उजेड कमी करणाऱ्या वस्तू ठरतात, आणि रिपोर्ट वाचून मालक पट्ट्या काढून टाकतो!

कोइफिशंटही सूर्याला पूर्ण न्याय देत नाही. सूर्याचं बिंब अर्ध्या अंशाचं, तुकडा 12 अंशांचा, त्यामुळे उन्हाची धारदार कड विरघळते. तुकडे बारीक करून 2305 केले की ते साधारण तीन अंशांचे होतात आणि शेडसाठी एवढं पुरतं. कवडसा नेमका कुठे पडतो हे हवं असेल तर सूर्याचा हिशेब वेगळाच करावा लागतो.

सेटिंगमधली एक चूक फार दिसते. फॅक्टर काढताना रेडिअन्समधला आरट्रेस हा प्रोग्राम जवळच्या बिंदूंची उत्तरं साठवून पुन्हा वापरतो, म्हणून एडी (एका बिंदूपासून किती किरण सोडायचे ती संख्या) हजारभर ठेवली तरी भागतं. आरकॉन्ट्रिब असं काही साठवत नाही. तेच पॅरामीटर इथे उचलले तर शेजारशेजारच्या दोन टेबलांचे आकडे विनाकारण उड्या मारतात. एडी दहा हजारांच्या घरात न्यावी आणि एलडब्ल्यू (किती क्षीण झालेला किरण सोडून द्यायचा ती मर्यादा) एक भागिले एडी यापेक्षा लहान ठेवावी. वेळ लागतो, पण एकदाच.

एखाद्या शाळेच्या खोलीला नियमात बसवायचं, दोन खिडक्यांच्या आकारांत निवड करायची, एवढंच असेल तर फॅक्टर पुरे. तिथे वर्षभराचा हिशेब काढणं म्हणजे फीचा अपव्यय. शेड मात्र उलट बाजूची. हवामानाची फाइल बदलली, कामाच्या वेळा बदलल्या, तर कोइफिशंट तेच राहतात, फक्त गुणाकार नवा. खिडकीची जागा हलवली, भिंतीचा रंग बदलला, तर किरण पुन्हा सोडायला हवेत. नुसती काच किंवा पडदा बदलून पाहायचा असेल, तर खिडकीशी हिशेब तोडून तीन तक्ते करतात: खोली ते खिडकी, खिडकीतून आरपार, खिडकी ते आकाश. मधल्या तक्त्यात क्लेम्स या संशोधकाच्या वाटणीने 145 दिशा असतात. ट्रेगेन्झाच्या 145 तुकड्यांशी त्यांचा काही संबंध नाही; आकडा योगायोगाने जुळलेला आहे, आणि तेवढ्यावरून चुकीचे तक्ते गुणले तर प्रोग्राम कदाचित तक्रारही करणार नाही.