१९७० ची शेव्हेल, ४५० घोडे आणि पेट्रोलमधलं शिसं

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या चाहत्यांमध्ये एक समज पक्का रुजलेला आहे. १९७० साली शेव्हरोलेची शेव्हेल एसएस ४५४ ही गाडी ४५० अश्वशक्तीची होती. १९७२ साली त्याच ४५४ घन इंचांच्या इंजिनाला २७० अश्वशक्ती उरली. म्हणजे सरकारी नियम आणि तेलसंकट यांनी मिळून दोन वर्षांत १८० घोडे मारले. आकडे दोन्ही खरे आहेत, कंपनीने स्वतः छापलेले आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र बराचसा चुकीचा आहे. तो कुठे चुकतो हे शोधत गेलं की आपण थेट सिलिंडरच्या आत, पेट्रोल जळतं त्या जागेपर्यंत पोहोचतो. या सगळ्या गोष्टीत मला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो, त्यामुळे त्याला जागाही जास्त देणार आहे.

तेलसंकटाचा मुद्दा लगेच निकालात काढता येतो. अरब देशांनी तेल रोखलं ते ऑक्टोबर १९७३ मध्ये. अमेरिकेत पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच बाजारात येतं, त्यामुळे १९७१ ची मॉडेलं १९७० च्या सप्टेंबरच्या सुमारास आली होती. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने आपल्या इंजिनांतला दाब उतरवला तो याच मॉडेलांपासून, तेलसंकटाच्या तीन वर्षं आधी.

आता गाडीकडे वळू. तोवर जनरल मोटर्सचा एक अंतर्गत नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ४०० घन इंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. १९७० च्या मॉडेलांसाठी तो उठला आणि शेव्हेलमध्ये ४५४ घन इंचांचं, म्हणजे ७.४ लिटरचं व्ही-८ इंजिन आलं. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकचं अख्खं इंजिन १.२ लिटरचं असतं. इथे एकेक सिलिंडरच ०.९३ लिटरचा. हे इंजिन दोन प्रकारांत मिळायचं. एलएस-५ ची नोंद ३६० अश्वशक्तीची, तर एलएस-६ ची ४५०. एलएस-६ मध्ये कॉम्प्रेशन रेशो ११.२५ होता, म्हणजे पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण मूळ जागेच्या सव्वाअकराव्या भागात दाबलं जायचं. वर होली कंपनीचा मोठा कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्ह उचलणारे, जास्त फेऱ्या सोसणारे सॉलिड लिफ्टर. पाव मैलाचं अंतर ही गाडी १३ ते १४ सेकंदांत कापत असे.

पण ४५० हा आकडा मोजला कसा? त्या काळी इंजिन गाडीतून बाहेर, टेस्ट बेंचवर चढवायचे. पंखा नाही, अल्टरनेटर नाही, एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही. धूर मोकळ्या नळ्यांतून थेट बाहेर. ठिणगीचं टायमिंगही सर्वांत जास्त शक्ती मिळेल असं जुळवलेलं. या मापाला ग्रॉस अश्वशक्ती म्हणत. १९७२ च्या मॉडेलांपासून कंपन्या नेट आकडा देऊ लागल्या: गाडीत असतात ते सगळे जोड लावून, खऱ्या सायलेन्सरसकट मोजलेला. १९७१ साली जनरल मोटर्सने दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले, हे आपलं भाग्यच. त्या वर्षीचं एलएस-५ ग्रॉस मापाने ३६५ आणि नेट मापाने २८५. इंजिन तेच, फक्त मोजण्याची पद्धत बदलली आणि ८० घोडे कागदावरून गेले. १९७२ मध्ये हाच नेट आकडा २७० झाला. म्हणजे त्या वर्षातली खरी घट १५ ची.

शिवाय ४५० आणि २७० हे एका इंजिनाचे आकडे नाहीतच. ४५० एलएस-६ चा, २७० एलएस-५ चा. १९७१ साली एलएस-६ फक्त कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये मिळत होतं, ग्रॉस ४२५ आणि नेट ३२५ अशा नोंदीने. तेच प्रमाण लावलं तर १९७० च्या शेव्हेलचे ४५० घोडे नेट मापात ढोबळमानाने ३४५ च्या आसपास येतात.

आणखी एक गंमत बघा. १९७० च्या एलएस-५ चा कॉम्प्रेशन रेशो १०.२५ होता, १९७१ मध्ये तो ८.५ वर आणला. शक्ती कमी व्हायला हवी, पण छापील ग्रॉस आकडा ३६० वरून ३६५ झाला! ग्रॉस आकड्यावर जाहिरात विभागाचा किती हात होता, हे कळायला एवढा एकच दाखला पुरे.

तरीही दाब कमी केल्याने खरा तोटा होतोच. मिश्रण जितकं जास्त दाबून पेटवाल, तितकं ते जळल्यावर जास्त पसरतं आणि त्याच उष्णतेतून जास्त काम मिळतं. रेशो ११.२५ वरून ८.५ वर आला की आदर्श गणितातली कार्यक्षमता सुमारे आठ टक्क्यांनी घटते. मग जनरल मोटर्सने आपणहून हा तोटा का पत्करला? आणि त्याआधी हाच प्रश्न उलटा: ११.२५ वरच का थांबले, १५ का नाही केला?

थांबवतं ते नॉकिंग. चढावर टॉप गिअरमध्ये गाडी रेटली की इंजिनातून जी खणखण ऐकू येते, ती. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन नॉक करतंय.

पिस्टन वर येतोय. पूर्ण थ्रॉटलला, ढोबळ हिशोबाने, मिश्रणाचा दाब वातावरणाच्या २५ पट आणि तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. पिस्टन माथ्याला पोहोचण्याच्या जरा आधी प्लग ठिणगी टाकतो. सगळं पेट्रोल एकदम भडकतं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. प्लगपासून ज्वाळेची एक भिंत निघते आणि सेकंदाला काही दहा मीटरच्या वेगाने पुढे सरकते. तिच्या मागचा जळलेला वायू फुगतो आणि पुढच्या न जळलेल्या मिश्रणाला पलीकडच्या कोपऱ्यात आणखी दाबतो, आणखी तापवतो. या कोपऱ्यातल्या शेवटच्या मिश्रणाचं भवितव्य एका शर्यतीवर ठरतं. ज्वाळा तिथे आधी पोहोचली तर सगळं सुरळीत. ते मिश्रण आपलं आपणच आधी पेटलं तर मात्र तो अख्खा कोपरा क्षणार्धात जळतो, दाबाच्या लाटा उठतात आणि सिलिंडरच्या भिंतींवर आपटत राहतात. १०८ मिलिमीटर व्यासाच्या या सिलिंडरात त्यांची कंपनं सेकंदाला पाच हजारांच्या आसपास येतात. खणखण ऐकू येते ती हीच. पिस्टनच्या माथ्याला चिकटून थंड वायूचा एक पातळ थर असतो आणि तोच ॲल्युमिनियमला वाचवत असतो. या लाटा तो खरवडून काढतात. मग पिस्टनला खड्डे पडतात, कडा वितळतात. सिलिंडर जितका रुंद, तितकी ज्वाळेची वाट लांब आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपोआप पेटायला वेळ जास्त. म्हणून एवढ्या मोठ्या इंजिनात ११.२५ चा रेशो ही धाडसाचीच गोष्ट होती.

आपोआप पेटणं म्हणजे नेमकं काय होतं? इथे थोडं रसायनशास्त्र लागेल.

पेट्रोलमधल्या नॉर्मल हेप्टेनचा रेणू घ्या: सात कार्बन एका सरळ रांगेत, सोळा हायड्रोजन. त्यांतले दहा मधल्या कार्बनांवर असतात आणि ते तुलनेने सहज निघतात. उष्णतेने एक हायड्रोजन निघाला की ती जागा उघडी पडते, रेणूचा रॅडिकल होतो. तिथे ऑक्सिजनचा रेणू येऊन चिकटतो. साखळी लवचीक असल्यामुळे ती स्वतःवरच वाकते आणि चिकटलेला ऑक्सिजन त्याच साखळीतला दुसरा हायड्रोजन ओढून घेतो. नवी जागा उघडी पडते, तिथे दुसरा ऑक्सिजन चिकटतो. आता हा रेणू पेरॉक्साइडने, म्हणजे ऑक्सिजन-ऑक्सिजनमधल्या कमकुवत बंधांनी भरलेला आणि अस्थिर झालेला असतो. तो फुटतो तेव्हा एका रॅडिकलच्या जागी दोन-तीन बाहेर पडतात. त्यांतले हायड्रॉक्सिल रॅडिकल तर समोर येईल त्या रेणूचा हायड्रोजन ओरबाडतात. एकाचे तीन, तिनाचे नऊ, आणि मिलिसेकंदाच्या आत कोपरा पेटतो.

आता आयसो-ऑक्टेन. कणा पाच कार्बनांचाच, त्याला मिथाइलच्या (एक कार्बन, तीन हायड्रोजन) तीन फांद्या. अठरा हायड्रोजनांपैकी पंधरा टोकाच्या मिथाइल गटांवर, आणि तिथले बंध जास्त घट्ट. शिवाय मधला एक कार्बन चारही बाजूंनी कार्बनांनीच वेढलेला, त्याच्यावर काढायला हायड्रोजनच नाही. आत वळून दुसरा हायड्रोजन ओढायची वाट इथे अवघड होते, साखळी-अभिक्रिया अडखळते आणि ज्वाळा शर्यत जिंकते.

ऑक्टेन क्रमांक याच दोन द्रवांवरून ठरतो. हेप्टेनला शून्य, आयसो-ऑक्टेनला शंभर. तो मोजायचं यंत्र म्हणजे एकाच सिलिंडरचं खास इंजिन. त्याचा सिलिंडर चालू इंजिनात वर-खाली सरकवून कॉम्प्रेशन रेशो बदलता येतो. पेट्रोल त्यात ६०० फेऱ्यांवर चालवतात, ठरावीक नॉकिंग येईपर्यंत रेशो वाढवतात, आणि मग त्याच रेशोला तितकंच नॉकिंग देणारं हेप्टेन-ऑक्टेनचं मिश्रण शोधतात. मिश्रणात ९१ टक्के आयसो-ऑक्टेन असेल तर पेट्रोल ९१ ऑक्टेनचं. पद्धत जवळपास शंभर वर्षं जुनी आहे आणि आजही वापरात आहे.

इथे पंपावरच्या ‘पॉवर’ पेट्रोलबद्दल बोलायलाच हवं. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. हेप्टेन आणि आयसो-ऑक्टेन दोन्हींच्या एका किलोतून साधारण ४४ ते ४५ मेगाज्यूल उष्णता मिळते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ९१ पुरेसं आहे असं लिहिलेलं असेल आणि इंजिन नॉक करत नसेल, तर वरचे पैसे ऑक्टेनसाठी मोजण्यात अर्थ नाही. पेट्रोलच्या पाइपवर लोहचुंबक लावून ‘रेणू सरळ करणारे’ मायलेज बूस्टर तर निव्वळ फसवणूक आहे. तशा चुंबकाने पेट्रोलच्या रेणूंची जळण्याची रीत बदलत नाही, आणि रेणू सरळ असणं तर नॉकिंगच्या दृष्टीने तोट्याचंच, हे वर पाहिलंच.

शेव्हेलला इतकं उच्च ऑक्टेन मिळायचं ते शिशामुळे. जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत थॉमस मिडग्ले यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा गुण सापडला. सिलिंडरच्या उष्णतेत हा रेणू फुटतो, शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ते उपद्रवी रॅडिकल विझतात. एका अमेरिकन गॅलनमध्ये, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरमध्ये, दोन-तीन ग्रॅम शिसं पुरायचं. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या बेवे रिफायनरीत हे द्रव्य बनवणारे पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन दगावले. तरीही विक्री वाढतच गेली. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं, हे मिडग्ले आणि त्यांचे वरिष्ठ चार्ल्स केटरिंग यांना ठाऊक होतं. पण अल्कोहोलचं पेटंट मिळत नाही. हा निर्णय मला आजही अक्षम्य वाटतो.

शिसं इंजिनात साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमिनचं संयुग घालत. त्यामुळे शिशाचे क्षार होऊन ते धुरावाटे बाहेर पडायचे, म्हणजे रस्त्यावर, मातीत, मुलांच्या श्वासात. भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्येच दाखवून दिलं होतं की माणसाच्या शरीरातलं शिसं नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वाढलेलं आहे. पण शिसं हटायला सुरुवात झाली ती वेगळ्या कारणाने. ३१ डिसेंबर १९७० ला निक्सन यांनी स्वच्छ हवा कायद्यावर सही केली. १९७५ च्या मॉडेलांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्के कमी करायचे होते. त्यासाठी धुरातले विषारी वायू निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हवा. आणि शिसं त्यातल्या प्लॅटिनमवर चढून त्याला निकामी करतं. हे ओळखून जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी कायद्याच्या आधीच, १९७० मध्ये जाहीर केलं की १९७१ च्या गाड्या बिनशिशाच्या, ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील. दाब उतरला तो म्हणून. शेव्हरोलेचं गाजलेलं १९५५ चं छोटं व्ही-८ इंजिन ज्यांच्या देखरेखीखाली घडलं, ते मुख्य अभियंता हेच कोल.

परिणाम रक्तात दिसला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन लोकांच्या रक्तातलं सरासरी शिसं सुमारे ३७ टक्क्यांनी उतरलं, पेट्रोलमधल्या शिशाच्या घटत्या विक्रीबरोबर पावलागणिक. आपल्याकडे बिनशिशाचं पेट्रोल एप्रिल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकलं जाऊ लागलं. पाऊणशे घोड्यांच्या बदल्यात हा सौदा महाग होता असं कुणी म्हणालं, तर मी त्याच्याशी वाद घालायला कधीही तयार आहे.

मूळ एलएस-६ जपणाऱ्यांपुढे आज व्यवहाराचे प्रश्न असतात. शिशाचा लेप एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटना झिजण्यापासून वाचवायचा. आता हेडमध्ये कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात. ११.२५ चा रेशो साध्या पंपावरच्या पेट्रोलला झेपत नाही, म्हणून कुणी ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, कुणी कमी दाबाचे पिस्टन घालतो, कुणी रेसिंगचं इंधन मिसळतो. आणि काही जण मूळ पिस्टन तसेच ठेवून कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी छिद्रं, मोठे करतात आणि गाडी ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या इंधनावर चालवतात. इंधन साधारण तीन लिटरच्या जागी चार लिटर लागतं, पण नॉकिंग होत नाही.