तेल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदरचा पाइप बघा

आमच्याकडे जुनी स्पोर्ट्स कार घेऊन येणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: रात्री गाडी लावली की सकाळी खाली तेलाचा डाग. त्यामागोमाग निदानही ठरलेलं, मागचं ऑइल सील गेलंय. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवणं आलं. त्या खर्चात पडण्याआधी दहा मिनिटं ब्रीदरच्या पाइपला द्या, एवढाच आमचा आग्रह आहे.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, जळलेला वायू थोडाफार त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, उतरतोच. मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच. नव्या इंजिनात कमी, झिजलेल्यात जास्त. या वायूची बाहेर पडायची वाट म्हणजे ब्रीदर. ती तुंबली की आत दाब चढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येतं: टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून, डिपस्टिकच्या नळीतून, क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) टोकाकडून. कित्येक जुन्या ब्रिटिश इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील मुळात नसतंच. तिथे स्क्रूच्या आट्यांसारखी खाच असते, ती फिरता फिरता तेल आत लोटते. आतून दाब आला की त्या बिचाऱ्या खाचेचं काही चालत नाही.

फार जुन्या गाड्यांत हा पाइप सरळ रस्त्याच्या दिशेने खाली सोडलेला असे. गाडी पळाली की वाऱ्याने वायू ओढला जाई, उभी राहिली की नाही. पुढे १९६१ पासून कॅलिफोर्नियात आणि १९६३ पासून अमेरिकेत सगळीकडे, तिथल्या नव्या गाड्यांमध्ये हा वायू परत इंजिनालाच प्यायला देण्याची पद्धत आली. इतर देशांतल्या कंपन्यांनीही ती उचलली. त्यामुळे तुमच्या गाडीचा पाइप एअर क्लीनरला, कार्ब्युरेटरला किंवा व्हॉल्व्हमधून इनलेट मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांना) गेलेला असू शकतो. एकाच मॉडेलमध्येही हे बदलतं. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचंच बघा, आधी मॅनिफोल्डवर व्हॉल्व्ह होता, नंतर तो जाऊन पाइप थेट कार्ब्युरेटरला जोडला. म्हणून फोनवर पाइप मागताना गाडीचं साल जरूर सांगा.

घरच्या घरी करायची तपासणी

इंजिन गरम करा, आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू ठेवा, तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर जाडसर कागद ठेवा. कागद हलकेच चिकटला तर ठीक. उडून गेला तर आत दाब आहे. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात तेलाचे शिंतोडे उडतात, तेव्हा चिंधी हाताशी असू द्या आणि चांगला शर्ट घालून हे करू नका. उलट कागद जोरात आत ओढला जात असेल, आयडल अडखळत असेल आणि निळा धूर येत असेल, तर मॅनिफोल्डवरच्या व्हॉल्व्हचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी.

आता पाइपकडे वळू. बाहेरून बघून काही कळत नाही. आम्ही काढलेला एक पाइप वरून नव्यासारखा काळाभोर होता. उभा चिरला तर आतलं रबर फुगून इतकं जवळ आलेलं, की करंगळीसुद्धा शिरेना. कुणीतरी हीटरचा पाइप कापून लावला होता. तो बहुधा ईपीडीएम रबराचा असतो. गरम पाण्याला उत्तम, तेलात मात्र फुगतो. रंगीत सिलिकॉनचे पाइप दिसायला देखणे असतात, पण साध्या सिलिकॉनमधून तेल हळूहळू पाझरतं आणि पाइप कायम चिकट राहतो. आम्ही नायट्राइल रबराचाच पाइप लावतो, मूळच्याच व्यासाचा. ‘हाच बसतोय’ म्हणून बारीक पाइप लावणं म्हणजे अर्धी वाट बंद करणंच. मॅनिफोल्डकडे जाणारा पाइप जाड भिंतीचा लागतो, नाहीतर ओढीने तो चपटा होतो.

पाइपची वाटही महत्त्वाची. इंजिनापासून वर चढत जायला हवा, मध्ये झोळ नको. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ खाली उतरते आणि गार पाइपमध्ये तिचं पाणी होऊन झोळात साचतं. तेलाच्या झाकणाखाली दिसणारी पिवळसर साय हे त्याच पाण्याचं आणि तेलाचं लोणी. ती बघून हेड गॅस्केट गेली म्हणून घाबरू नका. कूलंट कमी होत नसेल, तर बहुतेक वेळा गाडी जवळच्या जवळ फिरतेय, इंजिन पुरतं तापतच नाही, इतकाच त्याचा अर्थ.

बऱ्याच गाड्यांत पाइपच्या मुळाशी तारेची जाळी असते. खरा कचरा तिथेच बसतो. जाळी रॉकेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, पूर्ण वाळवून मगच बसवा.

ब्रीदर साफ असूनही एअर क्लीनरमध्ये तेल येत असेल तर आधी तेलाची पातळी बघा. पोर्श ९११ मध्ये ती इंजिन गरम, चालू आणि गाडी सपाट जागी असतानाच बघायची असते. बंद इंजिनावर बघून वरपर्यंत तेल ओतलं, की जादा तेल ब्रीदरवाटे एअर क्लीनरमध्ये जातं आणि मागे धूर निघतो.

कॅच टँक (ब्रीदरवाटे येणारं तेल साठवणारा डबा) बसवून द्या, असं पुष्कळ जण सांगतात. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीला तो हवाच. रोजच्या गाडीला आम्ही स्वतःहून सुचवत नाही, कारण तो वेळच्या वेळी कुणी रिकामा करत नाही.

पाइप आणि जाळी नीट असूनही कागद उडत असेल, तर रिंगा झिजल्याची शंका घ्यायची. मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणारी) करून बघावं लागेल. त्यासाठी गाडी आणाल तेव्हा इंजिन धुऊन आणू नका. तेलाचा ओघळ कुठून सुरू होतो, तेच आम्हाला बघायचं असतं.