नाव झाकलं, ओळख उघडी

कोकणातल्या तालुक्याच्या गावाहून येणारी अशी एखादी बातमी डोळ्यांपुढे आणा : ‘बंदरालगतच्या वाडीतील नववीच्या विद्यार्थिनीवर अत्याचार, वडील ट्रॉलरवर खलाशी.’ नाव नाही, फोटो नाही. कायदा पाळला, असं वार्ताहराला मनापासून वाटतं. पण त्या वाडीत नववीत शिकणाऱ्या मुली असून असून किती असणार? त्यातही बाप खलाशी असलेली? पेपर एसटीतून उतरायच्या आधी बातमी व्हॉट्सअ‍ॅपवरून डोंबिवली-विरारच्या चाकरमान्यांपर्यंत पोचते, आणि दुपारपर्यंत सगळी वाडी त्या घराकडे बघायला लागते.

कायदा इतका भोळा नाही. भारतीय दंड विधानात १९८३ साली कलम २२८-अ आलं, तेव्हापासूनच बंदी फक्त पीडितेच्या नावावर नाही. ओळख पटेल अशा कुठल्याही मजकुरावर आहे. आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा आणखी नेमका आहे. त्याच्या कलम २३ मध्ये पत्ता, शाळा, कुटुंबाचा तपशील, शेजारपाजार अशी यादीच दिली आहे. वरच्या बातमीतली ‘वाडी’ आणि ‘खलाशी’ त्या यादीत बसतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात बजावलं, की दुरूनही ओळख लागेल असं काही छापायचं नाही.

वृत्तपत्रं आणि व्यक्ती यांचा कोर्टातला झगडा मात्र याहून बराच जुना आहे, आणि तो सुरू झाला अब्रूनुकसानीपासून. ६ जानेवारी १८३२ रोजी मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगडजवळच्या पोंभुर्ल्याचे. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १८८२ मध्ये, रत्नागिरीत जन्मलेले टिळक आणि त्यांचे सहकारी आगरकर कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या फिर्यादीवरून तुरुंगात गेले. बर्वे कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ करतात, असे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने केले होते; आधाराला धरलेली पत्रं बनावट निघाली. दोघांनी माफी मागितली, तरी शिक्षा चार महिन्यांची झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. मराठी पत्रकारितेत हे प्रकरण शौर्यकथा म्हणून सांगितलं जातं. मला त्यातली बनावट पत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. हेतू कितीही चांगला असो, कागद तपासल्याशिवाय छापायचा नसतो.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पालटला : कोर्टात उघडपणे झालेली साक्ष छापता येते का? मुंबई उच्च न्यायालयात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकावरच्या बदनामीच्या दाव्यात न्यायमूर्ती तारकुंडे यांनी एका साक्षीदाराची साक्ष छापू नये असं सांगितलं, कारण त्याच्या धंद्याला फटका बसत होता. वार्ताहर मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊपैकी आठ न्यायमूर्तींनी तो आदेश कायम ठेवला. एकट्या हिदायतुल्लांचं मत विरुद्ध पडलं. धंद्याच्या काळजीपायी उघड कोर्टाचं दार लोटून घ्यावं, हे मला आजही पटत नाही.

खासगीपणाला तेव्हा मूलभूत हक्काचं स्थान नव्हतं. १९६२ च्या खरक सिंग निकालाने ते नाकारलं होतं. वळण आलं १९९४ मध्ये, तमिळनाडूतून. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं आत्मकथन ‘नक्कीरन’ साप्ताहिक छापणार होतं. त्यात अधिकाऱ्यांची नावं येणार, म्हणून त्यांना ते थांबवायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या निकालाने तीन गोष्टी पक्क्या केल्या. माणसाचं खासगी आयुष्य त्याच्या परवानगीशिवाय छापायचं नाही. कोर्टाच्या आणि सरकारी दप्तरात आलेलं छापता येतं, पण अत्याचारपीडितेचं नाव त्यातून वगळायचं. आणि खुर्चीवर बसून केलेल्या कामासाठी अधिकाऱ्याला खासगीपणाची ढाल नाही. मजकूर खोटा आहे आणि खरंखोटं न बघताच छापला, हे अधिकाऱ्यानेच सिद्ध करावं. २०१७ मध्ये पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं.

माझ्या लेखी १९९४ ची ती वाटणी आजही सर्वात न्याय्य आहे. खलाशाच्या मुलीला पूर्ण आडोसा हवा. वाळूच्या परवान्यावर सही करणाऱ्याला, भूसंपादनाची यादी करणाऱ्याला तो मिळता कामा नये. प्रत्यक्षात गावपातळीवर उलटं घडतं. मुलीची वाडी छापून येते, आणि ठेकेदाराचं नाव ‘एक बडी असामी’ होऊन जातं, कारण तो जाहिरात देतो किंवा नोटीस पाठवतो.

आता त्यात भर पडली आहे ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारतानाही व्यापक जनहित बघायची अट होती. २०२३ च्या कायद्याने ती अट त्या कलमातून काढली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. माहिती अधिकाराचं कलम ८(२) अजून शाबूत आहे. जनहित माहिती दिल्याने होणाऱ्या नुकसानीहून मोठं असेल तर माहिती द्यावी, असं ते सांगतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या वार्ताहरांनी यापुढे ते कलम अर्जातच लिहावं, आणि जनहित कोणतं तेही नेमकं मांडावं.