फ्रीरेडियससाठी मायएसक्यूएल की पोस्टग्रेस: वेगाचं सोडा, कॅपिटल-स्मॉलचं बघा

फ्रीरेडियसला, म्हणजे नेटवर्कवर लॉगिन करणाऱ्याची ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला, कुठला फुकट डेटाबेस जोडावा, असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "वाचायला मायएसक्यूएल वेगवान, तेच घ्या." हे उत्तर वाचून मला खरोखर त्रास होतो. लॉगिनच्या वेळी सर्व्हर विचारतो तरी काय? रॅडचेक (पासवर्डसारख्या तपासायच्या गोष्टींचं टेबल) मधल्या त्या वापरकर्त्याच्या नावाच्या ओळी, रॅडरिप्लाय (उत्तरात पाठवायच्या गोष्टींचं टेबल) मधल्या ओळी आणि त्याचा गट. दोन-चार ओळींचं काम, तेही इंडेक्सवरून. एवढ्याने कुठल्याच डेटाबेसला धाप लागत नाही.

मायएसक्यूएल तुम्हाला येतं असं धरतो. मारियाडीबी त्याच घरातलं. पोस्टग्रेसचा परवाना जास्त मोकळा आहे, आणि फ्रीरेडियससोबत दोघांचेही स्कीमा (टेबलांची रचना) आणि क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) तयार मिळतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

माणसं अडकतात ती नावाच्या तुलनेत. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत) कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच. फ्रीरेडियसच्या मायएसक्यूएल क्वेरीही मुळात तशाच चालतात. काटेकोर तुलना हवी असेल तर 'बायनरी' लावलेली पर्यायी क्वेरी त्याच फाइलमध्ये कॉमेंट करून (बंद) ठेवलेली असते. पोस्टग्रेसमध्ये बरोबर उलटं: तुलना काटेकोर, आणि सैल हवी असेल तर 'लोअर' वापरणारी क्वेरी कॉमेंटमध्ये, सोबत ती हळू चालेल असा इशारा.

एका नेटवर्कवर मी सगळा डेटा मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये हलवला. ओळींची संख्या जुळली, लॅपटॉपवरून लॉगिनही झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन: पासवर्ड बरोबर आहे, तरी आत घेत नाही. तक्रारी सगळ्या मोबाइलवाल्यांच्या. सर्व्हर डिबगमध्ये चालवला तेव्हा कळलं, की मोबाइलचा कीबोर्ड लॉगिनच्या पानावर नावाचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करत होता. मायएसक्यूएलने ते इतके दिवस चालवून घेतलं होतं. पोस्टग्रेससाठी तो माणूसच वेगळा, म्हणून एसक्यूएल मॉड्यूलचं उत्तर 'नॉटफाउंड'. पासवर्डचा इथे काही संबंध नाही. तो फ्रीरेडियस स्वतः ताडून पाहतो, डेटाबेस फक्त ओळ काढून देतो.

यावर लोक जी अर्धवट दुरुस्ती करतात, ती मूळ दुखण्यापेक्षा वाईट. रॅडचेकच्या क्वेरीला 'लोअर' लावतात आणि बाकीच्या क्वेरी तशाच सोडतात. मग माणूस आत येतो, पण त्याचा गट सापडत नाही, म्हणजे गटावर लावलेली वेगमर्यादाही लागू होत नाही. सायमल्टेनियस-यूज, म्हणजे एका खात्यावर एकाच वेळी किती सेशन, हे मोजणारी क्वेरी कॅपिटलवाला आणि स्मॉलवाला वेगवेगळे धरते, आणि एकाच खात्यावर दोन सेशन बिनबोभाट चालतात.

नाव फ्रीरेडियसमध्येच सरळ करा. एसक्यूएल मॉड्यूलच्या आधी 'टूलोअर' लावून (सगळी अक्षरं स्मॉल करून) ते स्ट्रिप्ड-यूजर-नेम या वेगळ्या फील्डमध्ये ठेवा, मॉड्यूलला शोधायचं नाव म्हणून तेच द्या, आणि अकाउंटिंगच्या (सेशनच्या नोंदींच्या) पॅकेटलाही हेच करा. मूळ यूजर-नेमला मात्र हात लावू नका: एमएस-चॅप व्ही२ या पासवर्ड तपासण्याच्या पद्धतीत क्लायंटने पाठवलेलं नाव हॅशमध्ये जातं, ईएपी या लॉगिनच्या चौकटीतही ते आयडेंटिटीशी जुळावं लागतं. टेबलातली नावं एकदा स्मॉल करून घ्या आणि पुन्हा कॅपिटल शिरू नये म्हणून चेक कन्स्ट्रेंट (टेबलावरची अट) लावा. एवढं केलं की 'लोअर'वाल्या हळू क्वेरीची गरजच उरत नाही.

मायएसक्यूएलची बाजू खरंच जड आहे ती सेशनच्या नोंदींच्या टेबलात, म्हणजे रॅडअ‍ॅक्टमध्ये. तिथे प्रत्येक इंटरिम-अपडेटला (चालू सेशनच्या मधल्या नोंदीला) तीच ओळ बदलते. ५,००० सेशन आणि दर १० मिनिटांनी अपडेट म्हणजे तासाला ३०,००० बदल. इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा साठवणीचा भाग, ओळ जागेवर बदलतो आणि जुनी प्रत अनडू लॉगमध्ये ठेवतो. पोस्टग्रेस नवी प्रत लिहितो, जुनी त्याच टेबलात राहते. ती झाडायला ऑटोव्हॅक्यूम असतो, पण तो मुळात साधारण २० टक्के ओळी मेल्याशिवाय हलत नाही. एक कोटी जुन्या ओळी साठवलेल्या टेबलात तो २० लाखांची वाट बघत बसतो. त्या एका टेबलापुरतं हे प्रमाण १ टक्क्यावर आणा आणि बंद झालेली सेशन दुसऱ्या टेबलात हलवत राहा.

एवढी देखभाल करूनही मी पोस्टग्रेसच घेतो. ओळख तपासणाऱ्या सर्व्हरवर "जवळपास तेच नाव" मला चालत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस चाचणीपुरता ठेवा. त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो.

आणि मायएसक्यूएलवरून निघणार असाल तर आधी जुन्या रॅडअ‍ॅक्टमध्ये बघा. नाव तिथे माणसाने टाइप केलं तसंच साठलेलं असतं. 'बायनरी' लावून कॅपिटल अक्षर असलेली वेगळी नावं मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी किती फोन येतील, ते त्या आकड्यावरून कळतं.